लाथ अन् ढेप

मागच्या हिवाळ्यात आमच्या चांदीनं मला मोजून तीन लाथा घातल्या. दोन मांडीवर, एक गुडघ्याच्या वाटीवर. मांडीचं काही वाटत नाही, पण गुडघा अजूनही पहाटेची थंडी पडली की आठवण काढतो. चांदी म्हणजे आमची गाय, जर्सी क्रॉस, दुसऱ्या वेताची, लहान पोट्ट्यानं शेपटी ओढली तरी मागं वळून बघणार नाही इतकी गरीब, अन् धार काढायला बसलं की मात्र अंगात आल्यासारखी करायची. अन् हे तिला मीच शिकवलं होतं. हे कळायला दीड महिना लागला, अन् तेही मला नाही कळलं, बाबांना कळलं.

झालं असं की दिवाळीनंतर थंडी पडली अन् तिच्या मागच्या एका थनाला चीर गेली. थंडीत जाते कधी कधी. हात लावला की दुखायचं, दुखलं की लाथ. त्यात तिची काही चूक नाही, मी असतो तर मीही मारली असती. ढोरांचे डॉक्टर येऊन बघून गेले, थनदाह वगैरे काही नाही म्हणाले, कोमट पाण्यानं धुवा अन् मलम लावा. आठ-दहा दिवसांत चीर भरली, कातडी मऊ झाली, दाबून पाहिलं तरी काही नाही. पण लाथ काही गेली नाही. उलट वाढली. आधी हात लावल्यावर मारायची, मग बकेट मांडली की मारायची, शेवटी शेवटी तर मी कोठ्यात पाय ठेवला की मागचा पाय उचलून तयार.

आता मी काय करत होतो ते सांगतो, म्हणजे तुम्हीही हसाल. तिनं लाथ मारली की मी उठायचो, "हो चांदी, हो माय" करायचो, अन् घमेल्यात दोन मुठी सरकीची ढेप टाकून तिच्या तोंडासमोर ठेवायचो. ढेप खाताना ती चूप उभी राहायची, तेवढ्यात मी धार काढून घ्यायचो. ढेप संपली की पुन्हा लाथ, पुन्हा ढेप. आमच्याकडे सगळेच असं करतात, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

बाबा बाहेर खाटेवर तंबाखू मळत बसलेले. चार-पाच दिवस त्यांनी नुसतं पाहिलं, मग एक दिवस म्हणाले, "तू तिले लातीचा पगार देऊन रायला बाबू."

मी म्हटलं, "पगार कायचा बाबा, शांत करून रायलो."

"ढेप कवा देतं तू?"

"लात मारल्यावर."

"मंग?"

अन् पुन्हा तंबाखूला लागले. बाबांची शाळा चौथीपर्यंत. अन् मी बी.एड. झालेलो, त्यात शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरला मला चांगले मार्क होते, 'स्किनरची साधक अभिसंधान उपपत्ती सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न (स्किनर म्हणजे अमेरिकेतला एक मानसशास्त्रज्ञ) मी पाठ करून लिहिला होता, प्रबलन (वागण्याच्या पाठोपाठ जे मिळतं त्यानं ते वागणं पक्कं होणं), धन प्रबलन, ऋण प्रबलन, सगळं शब्दाला शब्द. (बी.एड.चं फळ कधी मिळणार ते विचारू नका, ते इतकं लांबलं की कशाचं फळ होतं तेच विसरायला झालंय.) तर असा मी, अन् रोज सकाळ-संध्याकाळ गायीला लाथ मारायचं शिक्षण देत होतो, वर ढेपेचा खर्च माझाच.

त्या रात्री जुनी गाईडं काढली. धूळ झटकून वाचायला लागलो तर पहिल्यांदा त्यातलं काहीतरी समजल्यासारखं वाटलं, कारण आता मांडी दुखत होती. थॉर्नडाइक नावाचा माणूस, 1898 साली त्यानं मांजरी पेटीत कोंडल्या, बाहेर खायला ठेवलं, आत एक खिट्टी. मांजर ओरबाडते, चावते, उड्या मारते, असं करता करता चुकून खिट्टीला धक्का लागतो अन् दार उघडतं. पुढच्या खेपेला थोडं लवकर, त्याच्या पुढच्या खेपेला अजून लवकर. मांजरीला कोणी समजावून सांगितलेलं नसतं. ज्या हालचालीच्या पाठोपाठ दार उघडलं ती हालचाल पक्की होत जाते, बाकीच्या गळून पडतात. परीक्षेत आम्ही याला 'परिणामाचा नियम' लिहायचो अन् खाली रेघ मारायचो.

पण त्या 'पाठोपाठ'मध्येच सगळी गंमत आहे, अन् ते गाईडात एका ओळीत उरकलं होतं. मग नेटवर शोधत बसलो. ग्राइस म्हणून एकानं 1948 मध्ये उंदरांवर प्रयोग केला, काळ्या-पांढऱ्यातला बरोबर रस्ता धरला तर खायला, फक्त खायला थोडं उशिरा द्यायचं. लगेच मिळालं तर उंदीर पटकन शिकले. पाच सेकंद उशीर झाला तर शेकडो खेपा लागल्या. दहा सेकंदांचा उशीर केला तर काही उंदीर हजाराच्या वर खेपा करूनही शिकलेच नाहीत. दहा सेकंद! आपण तंबाखूचा बार भरतो त्याच्या आधी संपतात. म्हणजे ढोराला शाबासकी द्यायची तर बकेट बाजूला ठेवून, उठून, कोपऱ्यातल्या पोत्यातून ढेप काढून, घमेल्यात घालून आणेपर्यंत वेळ गेलेली असते, तेवढ्यात ती चार गोष्टी करते, कान हलवते, शेपटी मारते, पाय आपटते, अन् ढेप त्यातल्या शेवटच्या गोष्टीच्या नावावर जमा होते. तुमच्या मनात ती कशासाठी होती याच्याशी गायीला काही घेणं नाही.

आता अजून एक गोष्ट, अन् ही समजली तेव्हा मला जरा शरमच वाटली. मी ढेप का देत होतो? कारण ढेप दिली की लाथ थांबायची. लगेच, त्याच क्षणाला. म्हणजे मलाही रोखीनं बक्षीस मिळत होतं. लाथ थांबली की मला बरं वाटायचं, म्हणून पुढच्या वेळी माझा हात आपोआप ढेपेच्या पोत्यात जायचा. उद्या ही अजून जास्त मारेल हे नुकसान उद्याचं, ते कोणाला दिसतं? खरं पाहिलं तर तिनं मला शिकवलं होतं, अन् माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं होतं, एक दिवस उशीर नाही की खाडा नाही. शेजारच्या काकूंचं वांदराच्या बाबतीत असंच झालं. कवेलू फोडतात म्हणून त्यांनी एकदा अंगणाच्या पलीकडं भाकरीचा तुकडा फेकला, वांदरं छपरावरून उतरली, काकूला वाटलं बरी युक्ती सापडली. आता रोज दहाच्या ठोक्याला कळप छपरावर हजर असतो, उतरायचा पगार घ्यायला.

असो. चांदीकडं येतो.

अडचण अशी की तिचा पाय जमिनीवर आहे त्याच घडीला ढेप तिच्या तोंडात कशी घालायची? मी मागं बसलेलो, तोंड तिकडं पुढं. हीच अडचण डॉल्फिन माशाला शिकवणाऱ्यांना येते. (मासा म्हणू नये, माहीत आहे, पण आमच्याकडं पाण्यात पोहते ते मासाच.) डॉल्फिननं हवेत उडी मारली त्या क्षणाला त्याच्या तोंडात मासळी कशी देणार? म्हणून ते शिट्टी वाजवतात. आधी नुसतं शिट्टी अन् मासळी, शिट्टी अन् मासळी करून शिट्टीलाच किंमत आणतात, मग बरोबर उडीच्या वेळी शिट्टी मारली की काम झालं, मासळी दोन सेकंद उशिरा आली तरी चालते. कुत्र्यासाठी हातात धरायचं एक छोटं टिकटिक करणारं यंत्र मिळतं, तेच काम. स्किनरनं 1951 साली एका मासिकात लेख लिहून लोकांना हीच पद्धत घरच्या जनावरांवर करायला सांगितली होती, खेळण्यातल्या टकटक करणाऱ्या किड्यानं. आमच्या घरी तो किडा कुठला, पण जीभ टाळूला लावून 'टक' तर करता येतं.

पहिले दोन दिवस धारेच्या वेळेला काही नाही, नुसतं दुपारी कोठ्यात उभं राहायचं, टक करायचं, चिमूटभर ढेप तोंडापुढं. टक, ढेप. टक, ढेप. बाबा बाहेरून म्हणत होते, "याले काय झालं?" तिसऱ्या दिवशी टक केलं की ती कान टवकारून घमेल्याकडं बघायला लागली. इथं मला तो माकडांवरचा प्रयोग आठवला, शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाचा, 1990 च्या दशकातला. माकडाला फळाचा रस द्यायचा अन् मेंदूतल्या डोपामीन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी बघायच्या. आधी रस आला की त्या पेशी पेटायच्या. मग रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात केली, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच पेटायला लागल्या अन् रसाला थंड राहिल्या. अन् दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायची जी नेमकी वेळ होती, त्याच वेळेला पेशी नेहमीपेक्षाही खाली बसल्या. म्हणजे डोक्यात घड्याळ आहे अन् वहीही आहे. कधी यायला पाहिजे होतं, आलं की नाही, सगळं लिहिलेलं असतं.

मग खरं काम सुरू केलं. हात मांडीला लावला, पाय हलला नाही, टक, ढेप माझी बायको पुढून द्यायची. मग हात कासेला. मग थनाला. मग एक पिळ. मग पाच पिळ. अन् लाथ मारली तर काही नाही, ओरडायचं नाही, उठायचं नाही, ढेप तर मुळीच नाही, जागेवर बसून राहायचं. हे लिहायला सोपं आहे. चौथ्या दिवशी तिनं असा काही तमाशा केला की विचारू नका, बकेट उलटी, मी उलटा, गुडघ्याची ती लाथ तेव्हाचीच. बायको म्हणाली, "तुमचं ते पुस्तक द्या चुलीत, अन् ढेप द्या तिले, दूध तं निंगू द्या." मला माहीत होतं की हे असंच होतं, नेहमीचा पगार बंद झाला की जनावर आधी दुप्पट जोर लावून बघतं, कोणीही बघेल, बोअरची मोटार सुरू झाली नाही तर आपणही बटन चार वेळा जोरात दाबतोच ना. पण माहीत असणं वेगळं अन् गुडघा धरून शेणात बसणं वेगळं. त्या दिवशी ढेप दिली असती तर सगळ्यात वाईट झालं असतं, कारण मग ती शिकली असती की साधी लाथ चालत नाही, बकेट उलटेपर्यंत मारावी लागते.

हा धडा मला खरा लागू पडला तो पोरीच्या मोबाईलच्या बाबतीत. चार वर्षांची आहे. जेवताना मोबाईल पाहिजे. आम्ही एक दिवस देतो, एक दिवस नाही देत, एक दिवस पाच मिनिटं रडू देतो मग देतो, एक दिवस पाहुणे आहेत म्हणून रडायच्या आधीच देतो. आम्हाला वाटत होतं आपण कमी करतोय. पण कधी देणार कधी नाही याचा नेम नसला की ते सगळ्यात घट्ट बसतं, हे स्किनरच्या कबुतरांपासून माहीत आहे. दर टोचीला दाणा मिळायचा अन् तो बंद केला की कबूतर लवकर सोडून देतं, पण कधी दहाव्या टोचीला, कधी शंभराव्या टोचीला मिळायचा अन् बंद केला तर ते टोचतच राहतं, कारण त्याच्या हिशोबानं बंद झालेलंच नसतं, पुढच्या टोचीला येईल. मटक्याचा सगळा धंदा याच्यावर उभा आहे. अन् गंमत म्हणजे मटका सुरू झाला तो आपल्या कापसावरच, न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला, कितीला बंद झाला यावर मुंबईत आकडा लावायचे, साठच्या दशकात ते बंद पडलं तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायला लागले. आमच्या बसस्टॅंडवर जो माणूस आकडा लावतो त्याला विचारा, हरलेले शंभर आकडे त्याला आठवत नाहीत, पण एकदा पाच मिनिटांआधी लावला अन् लागला तो दिवस, वार, अंगातला शर्ट, सगळं आठवतं.

याच्या उलट पीएम किसानचा हप्ता. वर्षाला 6000, चार महिन्यांनी 2000, नेम ठरलेला. हप्ता येऊन गेला की दोन महिने कोणी नाव काढत नाही. तिसरा महिना संपत आला की "आला का गा?" सुरू होतं, अन् शेवटच्या आठवड्यात तर आमचा सेवा केंद्रवाला पोरगा दुकान बंद करून पळतो. ठरलेल्या वेळेनं दाणा दिला तर कबूतरही असंच करतं, दाणा खाल्ल्यावर आराम, अन् वेळ जवळ आली की टोचण्याचा जोर वाढत जातो. विचारल्यानं हप्ता लवकर येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी विचारतात. मीही विचारतो.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आईच्या काट्यानं. कापूस वेचणीचं आमच्याकडं किलोवर असतं, संध्याकाळी वावरातच काटा लावून ज्या बाईचा जितका कापूस तितका वहीत लिहायचा, अन् पैसे बाजाराच्या दिवशी. सगळ्याच वावरात असंच. तरी सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) झालं अन् वेचणीला बाया पाहिजे असल्या की आमच्या वावरात आधी येतात, शेजारच्या वावरात मागून, भाव दोघांचा सारखा. मला वाटायचं आई गोड बोलते म्हणून. एक दिवस काट्याजवळ उभं राहून पाहिलं. शेजारी गाठोडं काट्याला लावतो, बघतो, वहीत लिहितो, "चाल पुढची". आई गाठोडं लावते अन् मोठ्यानं ओरडते, "बावीस अन् अर्धा! काल किती होते वं तुये? एकोणीस ना? वा वं बाई!" मग ती बाई काटा स्वतः वाकून बघते, हसते, दुसरीला सांगते. पैसे तिलाही शनिवारी अन् हिलाही शनिवारी. पण आईच्या वावरात बक्षीस त्याच घडीला मिळतं, शनिवारचे पैसे त्या आकड्याला बांधलेले असतात. आई टक करत होती. तीस वर्षांपासून. अन् मी बी.एड.

मी आईला हे सांगितलं तर म्हणाली, "टकबिक मले नाई समजत. दिवसभर वाकून वेचलं तं किती झालं हे तिले आत्ताच कयलं पायजे. शनवारी कोनाले आठवते मंगयवारचा कापूस?"

किलोवर पैसे दिल्यानं एक नुकसानही होतं ते सांगायला पाहिजे. किलो मोजलं की किलो वाढतात, मग त्यात पत्ती येते, कवडी (किडका, खराब कापूस) येते, सकाळचा दवानं ओला झालेला कापूस येतो, कारण ओला कापूस काट्यावर जड भरतो. पत्तीचं नुकसान व्यापाऱ्याकडं महिन्यानं कळतं, तेही मला, वेचणारीला नाही. म्हणून आई वजनाच्या आधी गाठोडं उघडून हातात कापूस घेते, "पांढराशिप्पट हाय वं" म्हणते किंवा काहीच म्हणत नाही. तिचं ते न बोलणंही बायांना बरोबर समजतं.

कापूस घरात ठेवायचा की लगेच विकायचा, हा आमचा दरवर्षीचा वाद. लोक म्हणतात शेतकऱ्याला धीर नाही, खेडा खरेदीवाला दारात आला की देऊन टाकतो. धीर ही जन्मजात गोष्ट आहे असं मलाही वाटायचं. त्या मार्शमॅलोच्या प्रयोगाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पोरासमोर एक मिठाई ठेवायची, थांबलास तर दुसरी मिळेल. त्यात 2013 साली रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक भर घातली. 28 पोरं घेतली. त्यांना आधी सांगितलं, थांबा, चित्र काढायला चांगले रंग आणून देतो. निम्म्यांना खरंच आणून दिले, निम्म्यांना येऊन सांगितलं, सॉरी, नाहीत. त्याच्यानंतर मिठाई ठेवली. ज्यांना रंग मिळाले होते ती पोरं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. तीच वयं, तीच मिठाई. ज्या घरात थांबून कधी काही मिळालं नाही त्या घरातलं पोरगं समोरचं उचलून खातं, अन् माझ्या मते तेच शहाणं आहे.

आमच्याकडं उलटंही झालं. 2022 मध्ये ज्यांनी कापूस धरून ठेवला त्यांना क्विंटलला 10,000 च्या वर भाव मिळाला. गावात एकच चर्चा, थांबला तो जिंकला. पुढच्या हंगामात सगळ्यांनी घरं भरून ठेवली, आमच्याही पुढच्या खोलीत छपरापर्यंत कापूस, पोरीच्या अंगाला खाज, चूल अंगणात नेली कारण ठिणगीची भीती, अन् भाव रोज खाली. उन्हाळ्यात सात-साडेसात हजारांनी दिला. एकदा लागलेला आकडा, दुसरं काय. आता या वर्षी गावात अर्धे म्हणतात थांबू, अर्धे म्हणतात देऊन टाकू, अन् कोण काय म्हणतो ते बघून मला सांगता येतं की 22 ला त्यानं केव्हा विकला होता.

आता वेळेचा नियम मोडतो अशी एक जागा आहे अन् ती माझ्या पोटात आहे. मी आठवीत असताना मामाच्या गावाहून येताना मामीनं भरपूर सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर) खाऊ घातली अन् लगेच एसटीत बसवलं, घाटात तीन तासांनी मला अशी उलटी झाली की कंडक्टरनं गाडी थांबवली. दोष गाडीचा, वळणांचा, मागच्या सीटचा. वडी अगदी चांगली होती, बाकी सगळ्यांनी खाल्ली. पण त्या दिवसापासून मला सांबारवडीचा वास सहन होत नाही, अन् ही नागपूर-यवतमाळकडच्या माणसासाठी किती लाजिरवाणी गोष्ट आहे ते तुम्हाला माहीत आहे, लग्नात लोक रुखवत सोडून माझ्या ताटाकडं बघतात. तीन तासांचा उशीर, एकच खेप, अन् कायमचा धडा. गार्सिया नावाच्या शास्त्रज्ञानं 1955 मध्ये हेच उंदरात दाखवलं, गोड पाणी पाजलं, वरून किरणांनी त्यांना आजारी केलं, तर उंदरांनी गोड पाणी सोडलं. किरणांचा अन् पाण्याचा काही संबंध नाही, पण पोट बिघडलं की डोकं चवीलाच पकडतं, मधे काही तास गेलेले असले तरी. काही वर्षं लोकांना ते खरंच वाटलं नाही, कारण नियमात बसत नव्हतं. पण वावरात उंदराला औषध घालणाऱ्याला हे ठाऊक असतं. झिंक फॉस्फाईड घालायचं तर आधी दोन-तीन दिवस नुसतंच तेल लावलेलं धान्य ठेवायचं, उंदीर निवांत खायला लागले की मग त्यात औषध. पहिल्याच दिवशी घातलं तर उंदीर थोडं चाखतो, आजारी पडतो, वाचतो, अन् मग त्या धान्याला तोंड लावत नाही. मी अन् तो उंदीर एकाच शाळेचे.

अन् जिथं फळ आपल्या करण्यावर येतच नाही, आपल्या वेळेनं येतं, तिथं काय होतं? स्किनरनं 1948 मध्ये आठ उपाशी कबुतरांना ठरावीक वेळेनं दाणा दिला, ती काहीही करोत. तर आठातली सहा काहीतरी करायलाच लागली. एक गोल गोल फिरायचं, एक डोकं पेटीच्या वरच्या कोपऱ्यात खुपसायचं. दाणा पडला तेव्हा योगायोगानं जे चाललं होतं तेच त्याच्या मनात भरलं. मी हे वाचून हसलो अन् मग आमच्या सोयाबीनवरच्या टॉनिकची आठवण झाली. पावसानं ताण दिला, पीक पिवळं पडलं, कृषी केंद्रातून महागाचं टॉनिक आणून मारलं, चार दिवसांनी पाऊस आला, पीक हिरवंगार. त्या टॉनिकला मी तीन वर्षं पैसे घातले. पीक पिवळं पडून आपण हातघाईवर येतो तोपर्यंत पाऊस यायची वेळही बरीच जवळ आलेली असते, म्हणून शेवटी जे मारलं ते लागू पडतं. लहानपणी आम्ही काठीला बेडूक बांधून घरोघर 'धोंडी धोंडी पाणी दे' करत फिरायचो, तेही पार जुलै कोरडा चालला की, अन् आठ दिवसांत पाऊस यायचाच. धोंडी निदान फुकट होती. या वर्षी मी चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, टॉनिकविना सोडले. तेही पिकलं, पण त्या चार तासांकडं बघताना माझा जीव वरखाली होत होता हे खोटं कशाला बोलू.

चांदीला तीन आठवडे लागले. आता धार काढताना पाय हलत नाही, टकही मी हळूहळू कमी करत आणलं, कधी दुसऱ्या दिवशी, कधी चौथ्या दिवशी, मटकेवाल्यासारखं. बाबांनी पहिल्यांदा कोठ्यात येऊन पाहिलं, म्हणाले, "जमलं तं बाबू," अन् त्यांचा तो शब्द मला त्याच घडीला मिळाला म्हणून असेल, मी पुढचे दोन महिने धारेची पाळी कोणाला दिली नाही.

एक भानगड मात्र राहिली. कोठ्याच्या आढ्यावर एक पाल आहे. संध्याकाळी दिवा लावला की ती बाहेर येते अन् टकटक करते. तिचा आवाज अन् माझा आवाज चांदीला सारखाच. परवा आई कोठ्यात उभी राहून माझ्याशी काहीतरी बोलत होती, पाल चुकचुकली, आईनं लगेच दावणीवर बोट वाजवत "कृष्ण कृष्ण" म्हटलं, अन् त्याच वेळेला चांदीनं चारही पाय जमिनीत रोवले अन् घमेल्याकडं बघत उभी राहिली. आईनं दोन मुठी ढेप टाकली. "कोनाचं काई ऐकत नाई, पन हे ऐकते पाय," म्हणाली.